सरकारनं बंदुका बनवायची मशीन मागितली, या माणसानं आधी बंदुकीची नळीच तपासायला घेतली

२ जुलै १८६०. लंडनजवळचं विम्बल्डन. टेनिसचं नाही, तिथलं मोकळं माळरान. नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेचं उद्घाटन करायला राणी व्हिक्टोरिया आली होती. समोर लोखंडी स्टँडवर एक रायफल पक्की बसवलेली, घोड्याला रेशमी दोरी बांधलेली. राणीनं दोरी ओढली, बार झाला आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली.

आता राणीला काही नेमबाजी येत नव्हती. कमाल होती त्या रायफलच्या नळीची. ही नळी बनवणारा माणूस होता जोसेफ व्हिटवर्थ.

गंमत म्हणजे हा काही बंदूकवाला नव्हता.

व्हिटवर्थचा जन्म १८०३ मधला, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक. पोरगं मशीनच्या नादाला लागलं आणि थेट लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात पोहोचलं. तिथं त्यानं एक पद्धत पक्की केली. लोखंडाच्या तीन पाट्या घ्यायच्या, आळीपाळीनं एकमेकींवर ठेवून बघायच्या आणि जिथं उंचवटा दिसेल तिथं खरवडायचं. दोनच पाट्या घेतल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही त्या एकमेकींवर चपखल बसतात. तिसरी आली की चोरी पकडली जाते. तिन्ही एकमेकींवर बसल्या तरच त्या खऱ्या सपाट.

१८३३ ला त्यानं मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना टाकला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे स्क्रूचे आटे वेगळे, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. १८४१ मध्ये त्यानं सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश. जुन्या मेकॅनिककडं आजही व्हिटवर्थचे आटे हा शब्द ऐकायला मिळेल, तो याच माणसामुळं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तर त्यानं इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र ठेवलं होतं.

तर अशा माणसाकडं १८५४ मध्ये ब्रिटिश सरकार आलं. क्रिमियाचं युद्ध सुरू होतं, एनफिल्ड रायफली हजारोंनी हव्या होत्या. सरकारचं म्हणणं सरळ होतं, नळ्या भराभर बनतील अशा मशीन बनवून द्या.

व्हिटवर्थनं नकार दिला. चांगली नळी कशामुळं चांगली होते हेच कुणी तपासलेलं नसताना मशीन कशाच्या मापानं बनवायच्या, असा त्याचा मुद्दा होता. आधी प्रयोग करू द्या, मग मशीनचं बघू. युद्ध पेटलेलं असताना सरकारला हे सांगायला जिगर लागते.

सरकारनं ऐकलं. मँचेस्टरला त्याच्या 'द फर्स' नावाच्या बंगल्याच्या आवारात सरकारी खर्चानं ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चांदमारी उभी राहिली. बंदिस्त अशासाठी की वाऱ्यानं गोळी हलली की नळीचा दोष आणि वाऱ्याचा दोष वेगळा काढता येत नाही. वाऱ्यानं याचा सूडच घेतला म्हणायचा, कारण वादळात ती इमारत कोसळली आणि पुन्हा बांधावी लागली. आत ठराविक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावलेले असायचे. कुठल्या पडद्याला कुठं भोक पडलं, यावरून गोळीचा पूर्ण रस्ता कळायचा.

इथं थोडं थांबून नळीचा पीळ समजून घेऊ.

रायफलच्या नळीला आतून वळणदार खाचा असतात. त्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि फिरती गोळी कोलांट्या खात नाही. प्रश्न असतो तो पीळ किती द्यायचा याचा. एनफिल्डच्या नळीचं भोक ०.५७७ इंचांचं होतं आणि ७८ इंचांत एक फेरा इतका सैल पीळ होता. नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा घ्यायची. व्हिटवर्थनं एकेका इंचात एक फेरा इतका टोकाचा पीळही मारून बघितला. शेवटी तो थांबला ०.४५१ इंचांचं भोक आणि २० इंचांत एक फेरा यावर. भोक लहान केल्यामुळं त्याच वजनाची गोळी लांबट झाली. लांबट गोळी हवेत वेग चांगला टिकवते, पण तिला सरळ ठेवायला फिरकी जास्त लागते. वर त्यानं नळीचं भोक गोल न ठेवता षटकोनी केलं आणि गोळीही तशीच पिळाची.

म्हणून सगळ्यांनाच असा कडक पीळ लागतो असं मात्र नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं ती स्पर्धा ५० मीटरची. तिथल्या पॉइंट टू-टू रायफलचं भोक व्हिटवर्थच्या नळीच्या निम्म्याहून कमी, तरी पीळ साधारण १६ इंचांत एक फेरा असतो आणि गोळीच्या जाडीच्या हिशोबानं तो सैलच पडतो. गोळी आखूड, अंतर कमी, काम भागतं. नळी निवडायची ती गोळी आणि अंतर बघून, हे गणित तेव्हाही तेच होतं.

१८५७ मध्ये इंग्लंडमधल्या हाइथला दोन्ही रायफलींचा सामना झाला. ५०० यार्डांवर व्हिटवर्थच्या गोळ्या मध्यापासून सरासरी साडेचार इंच भरकटल्या, एनफिल्डच्या सव्वादोन फूट. १४०० यार्डांवर व्हिटवर्थ अजून लक्ष्य गाठत होती, एनफिल्डनं हात टेकले.

त्याच वर्षी याच एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून इकडं बराकपूरला मंगल पांडेंनी बंदूक उचलली होती. ती चरबी कशासाठी, तर ठासणीच्या बंदुकीत काडतूस नळीतून सहज खाली सरकावं म्हणून.

एवढं होऊनही लष्करानं व्हिटवर्थची रायफल नाकारली.

कारणं अगदीच चुकीची नव्हती. भोक लहान म्हणून दारूची काजळी लवकर साचायची आणि पुढची गोळी ठासणं अवघड व्हायचं. किंमत एनफिल्डच्या चौपट. साध्या शिपायाला हजार यार्डांवर नेम धरायचाच नव्हता. लष्कराला हवी होती धावपळीत, चिखलात, दिवसभर चालणारी नळी, आणि व्हिटवर्थनं बनवली होती सगळ्यात अचूक नळी.

मग ती गेली कुठं? अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यानं थोड्या व्हिटवर्थ मिळवल्या आणि निवडक नेमबाजांच्या हातात दिल्या. ९ मे १८६४ ला स्पॉट्सिल्व्हेनियात उत्तरेचा जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या गोळीनं पडला, ती व्हिटवर्थमधूनच सुटली असं मानलं जातं.

ब्रिटिश लष्करानं १८७१ मध्ये नवी मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिचं भोक ०.४५ इंचांचं, पीळ २२ इंचांत एक फेरा. षटकोन गेला, पण आकडे जवळपास व्हिटवर्थचेच. गोळी आता मागून भरायची असल्यानं ठासण्याची कटकटही संपली होती.

व्हिटवर्थला १८६९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याआधीच त्यानं होतकरू इंजिनिअर पोरांसाठी वर्षाला ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या, प्रत्येकी १०० पौंडांच्या. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोत तो गेला. मागं ठेवलेल्या पैशातून मँचेस्टरला व्हिटवर्थ आर्ट गॅलरी आणि बाग उभी राहिली, आज कॅन्सरच्या उपचारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्टी हॉस्पिटललाही त्याचा हातभार लागला.

'द फर्स' बंगल्यात पुढं मँचेस्टर गार्डियनचा संपादक सी. पी. स्कॉट राहिला. तिथल्या आवारात आता मँचेस्टर विद्यापीठाची वनस्पतिशास्त्राची बाग आहे.