राजचंद्र बोस : चुका सुधारणारे गणित

आपल्यापैकी जे टेलिकॉममध्ये गेले त्यांना बीसीएच कोड ठाऊक असेल. त्यातले ‘बी’ म्हणजे राजचंद्र बोस. जन्म 19 जून 1901, होशंगाबाद. तेव्हा भंडारा आणि होशंगाबाद एकाच मध्य प्रांतात होते, म्हणून ते थोडे आपलेही! 1918 च्या इन्फ्लुएंझात आई गेली, पुढच्याच वर्षी वडील. शिकवण्या करून शिक्षण पुरे केले. मूळचे भूमितीचे, महालनोबिसांनी कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत नेल्यावर संख्याशास्त्र शिकले. पुढे अमेरिकेत चॅपल हिलला प्राध्यापक झाले. नागपूरचे शरदचंद्र श्रीखंडे तिथे त्यांचे विद्यार्थी. या दोघांनी पार्कर यांच्यासोबत 1959 मध्ये ऑयलरचा 1782 पासूनचा अंदाज खोटा ठरवला. गाजले ते हे. मला मात्र 1960 चे काम मोठे वाटते.

ते काम त्यांनी रे-चौधुरी या शिष्यासोबत केले. फ्रान्सच्या ओकेंगेम यांनी तेच आदल्या वर्षी स्वतंत्रपणे मांडले होते. 15 बिटांत 7 संदेशाचे, 8 राखणीचे. वाटेत कोणतेही 2 बिघडले तरी मूळ संदेश परत मिळतो. राखणीचे बिट म्हणजे एका भागाकाराची बाकी. ती काढायला 8 फ्लिप-फ्लॉप आणि मोजकी एक्सॉर गेट पुरतात. म्हणूनच हे गणित स्वस्त चिपमध्ये उतरले. चुका शोधणारी बाजू मात्र बरीच किचकट, तिथेच हार्डवेअरवाल्यांचा कस लागतो.

बोस 1987 मध्ये कोलोराडोत वारले. दुकानात पैसे द्यायला आपण जी क्यूआर चौकट स्कॅन करतो, तिच्या कोपऱ्यांजवळचे 15 बिट बीसीएच कोडचेच असतात.