मातृभाषेचे मेंढपाळ : धन्यवादित अंतोन मार्तिन स्लोमशेक

२४ सप्टेंबर हा धन्यवादित अंतोन मार्तिन स्लोमशेक यांचा सण. स्लोव्हेन लोकांमधून धन्यवादितपदाला पोहोचलेले हे पहिलेच सुपुत्र. बिशप म्हणून ते थोर होतेच. परंतु एका लहानशा समाजाच्या मुलांना त्यांच्या भाषेतील शाळा आणि पुस्तक मिळावे म्हणून ते आयुष्यभर झटले, या गोष्टीकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अंतोन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८०० रोजी पोनिक्वा धर्मग्रामातील स्लोम येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील स्टायरिया प्रांतात मोडत असे. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या १७७४च्या कायद्याने शाळांची घडी बसली होती. मात्र शिक्षणात मान जर्मन भाषेला होता. शेजारच्या कार्निओला प्रांतात १८०९ ते १८१३ या काळात नेपोलियनची सत्ता आली, तेव्हा प्राथमिक शाळांत स्लोव्हेन भाषेला स्थान मिळाले. त्यासाठी धर्मगुरू व कवी व्हालेंतिन व्होदनिक यांनी पाठ्यपुस्तके लिहिली. फ्रेंच गेले, ऑस्ट्रियाचा अंमल परतला आणि तो दरवाजा बंद झाला. स्लोमशेक यांच्या गावाला तर तेवढीही संधी लाभली नाही. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा स्थितीत शेतकऱ्यांची मुले वाढत होती. पोनिक्वाचे साहाय्यक धर्मगुरू याकोब प्राश्निकार यांनी अंतोनची बुद्धी हेरली व त्याला पुढील शिक्षणाची वाट दाखविली.

१८२४ साली क्लागनफुर्ट येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे १८२९ पासून जवळजवळ नऊ वर्षे ते तेथील सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. जर्मनमध्ये शिकलेल्या तरुणांना आपल्याच आईबापांच्या भाषेत नीट प्रवचन करता येत नाही, हे पाहून त्यांनी सेमिनरीतच स्लोव्हेनचे वर्ग सुरू केले.

१८३८ मध्ये ते व्हुझेनित्सा येथे प्रमुख धर्मगुरू झाले. आठवडाभर शेतात राबणाऱ्या मुलांसाठी त्या काळी रविवारच्या शाळा भरत. त्या मुलांसाठी स्लोमशेक यांनी १८४२ मध्ये ‘ब्लाझे आणि नेझित्सा रविवारच्या शाळेत’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. एक मुलगा व एक मुलगी यांच्या निमित्ताने त्यात वाचन, लेखन, हिशेब, शेती आणि श्रद्धा यांचे धडे गुंफले आहेत. जर्मन शिकण्यास त्यांचा विरोध नव्हता; पण पाया आईच्या भाषेचा असावा, हा त्यांचा आग्रह होता.

१८४६ मध्ये ते लाव्हांटचे बिशप झाले. त्याच सुमारास त्यांनी ‘द्रोबतिनित्से’ हे वार्षिक सुरू केले. स्लोव्हेन पुस्तकांसाठी संस्था काढण्यास आधी सरकारने परवानगी नाकारली. तरी धीर न सोडता त्यांनी प्रयत्न चालू ठेवले आणि १८५१ मध्ये संत हेर्मागोरास यांच्या नावाची संस्था क्लागनफुर्ट येथे उभी राहिली. तिची स्वस्त पुस्तके पुढे खेड्यापाड्यांतील हजारो घरांत पोहोचली.

त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य मात्र सीमेचे होते. बिशपांचे आसन सांक्ट आन्द्रे या जर्मनबहुल खोऱ्यात होते, तर स्टायरियातील अनेक स्लोव्हेन श्रद्धावंत दुसऱ्या धर्मप्रांतात विभागलेले होते. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८५९ मध्ये धर्मप्रांताच्या सीमा बदलल्या, त्या प्रांतातील स्लोव्हेन लोक एका छत्राखाली आले आणि आसन मारिबोरला हलले. तेथे त्यांनी ईशज्ञानाचे विद्यालयही सुरू केले. तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १८६२ रोजी, त्यांनी देह ठेवला.

या कार्याची किंमत पुढच्या पिढ्यांना कळली. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य कोसळले. मारिबोर युगोस्लाव्हियात आले, तर १९२०च्या सार्वमताने दक्षिण कॅरिंथिया ऑस्ट्रियातच राहिला. पश्चिमेकडचा भाग इटलीकडे गेला. तेथे १९२३च्या शिक्षण कायद्याने शाळांतून स्लोव्हेन हद्दपार होऊ लागली, तेव्हा धर्मगुरूंनी धर्मशिक्षणाच्या वर्गांतून मुलांची भाषा जपली. १९४१ मध्ये नाझी जर्मनीने मारिबोरचा भाग बळकावला, शाळा जर्मन केल्या आणि शेकडो धर्मगुरूंना हद्दपार केले. शाळेवरची पाटी अशी वारंवार बदलली. परंतु घरातले पुस्तक आणि प्रार्थना टिकून राहिल्या. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. १९ सप्टेंबर १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मारिबोर येथे स्लोमशेक यांना धन्यवादित घोषित केले.

सीमा माणसे आखतात आणि माणसेच पुसतात. मूल ज्या भाषेत पहिल्यांदा देवाला हाक मारते, ती भाषा त्याच्या मनात रुजविण्याचे काम मात्र घराचे आणि धर्मग्रामाचे आहे. आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न या सणाच्या दिवशी प्रत्येक आईवडिलांनी स्वतःला विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे.