ओट्याची उंची कोणी ठरवायची?

१४ जून १९२४. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माँटक्लेअर नावाच्या गावी फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थांनी रेल्वे स्टेशनवरून घरी फोन लावला. थोड्याच दिवसांत त्यांना युरोपला जायचे होते. लंडन आणि प्राग इथल्या परिषदांत त्यांची भाषणे ठरली होती. फोनवर पत्नीशी बोलता बोलताच ते कोसळले आणि गेले. वय ५५. मागे अकरा मुले; थोरली अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन वर्षांची. पत्नी लिलियन तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. काही दिवसांतच त्या बोटीत बसल्या आणि नवऱ्याच्या जागी त्या परिषदांना उभ्या राहिल्या.

नवरा जाऊन पंधरवडा झाला नाही तोवर ही बाई परदेशी निघाली, असे तेव्हाही कुणी म्हटले असेल. बँकेत कर्जविभागात मी बरीच वर्षे काढली. एका माणसाच्या नावावर चालणारा धंदा तो माणूस गेल्यावर कसा बसतो, हे मी पुष्कळ खात्यांत पाहिले आहे. दुकानाची फळी उघडते का, हे गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बघून जाते. लिलियनबाईंना हे बरोबर कळले होते. घर चालायचे होते ते त्या धंद्यावर.

आज जगभरच्या स्वयंपाकघरांत जे काही सोयीचे आहे, त्यातले बरेचसे या बाईंपर्यंत जाऊन पोचते. पायाने दाबून झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले अंड्यांचे व लोण्याचे कप्पे यांचे श्रेय त्यांना दिले जाते. गंमत अशी, की त्यांना स्वतःला स्वयंपाकात फारशी गती नव्हती.

लिलियन मोलर यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला, जर्मन वळणाच्या सुखवस्तू घरात झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्या १९०० साली पदवीधर झाल्या. पदवीदान समारंभात भाषण करणारी त्या विद्यापीठातली ती पहिली मुलगी. विषय साहित्याचा होता; इंजिनिअरिंगशी संबंध आला तो लग्नामुळे. १९०४ साली त्यांनी फ्रँकशी लग्न केले. हा मनुष्य कॉलेजात गेलेला नव्हता. गवंडीकामापासून सुरुवात करून तो मोठा कंत्राटदार झाला होता. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करतो, हे त्याने मोजले आणि त्या साडेचारांवर आणल्या. तासाला सव्वाशेच्या आत-बाहेर विटा लावणारा गवंडी साडेतीनशे लावू लागला. युक्ती काय, तर विटा आणि चुना जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवायचा. दर विटेला गवंड्याने स्वतःचे सगळे अंग खाली नेऊन वर आणायचे कशासाठी? ही फळी वाचकांनी लक्षात ठेवावी, ओट्यापाशी ती पुन्हा भेटणार आहे.

नवरा-बायकोंनी मिळून माणसाच्या कामाचे बारीक बारीक तुकडे पाडले: शोधणे, उचलणे, धरणे, ठेवणे, वगैरे. अशा प्रत्येक तुकड्याला नाव दिले ‘थर्ब्लिग’. गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटे वाचले की हा शब्द होतो. फ्रँक यांचे वेड घरातही चालू असे. जाकिटाची बटणे खालून वर लावली तर वरून खाली लावण्यापेक्षा चार सेकंद वाचतात, हे त्यांनी घड्याळ लावून ठरवले होते. लिलियनबाईंची नजर मात्र घड्याळाच्या पलीकडे, काम करणाऱ्या माणसावर होती. तो थकतो कधी, कंटाळतो कशाने, त्याला विचारले तर काय सांगेल? या विषयावरचे त्यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ हे पुस्तक १९१४ साली निघाले. त्यावर नाव छापले ते एल. एम. गिलब्रेथ असे, कारण लेखक बाई आहे हे कळले तर खप होणार नाही, अशी प्रकाशकाला धास्ती होती. पुढच्याच वर्षी, घरात लहान मुलांची रांग असताना, ब्राउन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

तर अशा या बाई युरोपहून परत आल्या तेव्हा धंद्याचे काय झाले होते? मोठी गिऱ्हाइके गळू लागली होती. ज्या कारखान्यांत दोघांनी मिळून काम केले होते, त्यांना आता एकट्या बाईचा सल्ला नको होता. तीच बुद्धी, तोच अभ्यास, तीच माहिती. फक्त शेजारची पुरुषाची खुर्ची रिकामी झालेली. बाईंनी घरीच वर्ग काढले आणि कंपन्यांच्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. मेसीज या न्यूयॉर्कच्या प्रचंड दुकानात कामाची पाहणी करण्याआधी त्या स्वतः काउंटरमागे विक्रेती म्हणून उभ्या राहिल्या. आणि मग त्यांनी एक दार निवडले, जिथे बाई म्हणून त्यांना कुणी अडवणार नव्हते. ते दार स्वयंपाकघराचे होते.

या निवडीत थोडा कडवटपणा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. कारखाना मिळाला असता तर त्या ओट्याकडे वळल्या असत्या, असे मला वाटत नाही. पण एकदा वळल्यावर त्यांनी स्वयंपाकघराला कारखान्याइतकाच मान दिला. १९२७ साली त्यांचे ‘द होम-मेकर अँड हर जॉब’ हे पुस्तक आले. घरकाम हेही काम आहे, त्याचे मोजमाप होऊ शकते आणि दमणे हा बाईचा दोष नसून मांडणीचा असू शकतो, असा त्याचा रोख होता.

१९२९ साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी त्यांनी एक नमुन्याचे स्वयंपाकघर मांडले. शेगडी, सिंक, कामाची फळी आणि फ्रिज एकमेकांशेजारी. उरलेली बाजू भरून काढायला चाकांचे छोटे टेबल. मधे उभी राहून बाई जवळजवळ सगळीकडे हात पोचवू शकेल अशी ही रचना होती. शिवाय हिशेब आणि याद्या लिहायला एक छोटे मेज. याच प्रकारचे मेज पुढे १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेले. त्या सुमारास एक चाचणीही झाली. स्ट्रॉबेरीचा एक केक आधी जुन्या, अस्ताव्यस्त स्वयंपाकघरात केला आणि मग नव्या मांडणीत. कामातल्या क्रिया ९७ वरून ६४ वर आल्या आणि पावले २८१ वरून ४५ वर. केक तोच, करणारीचे हातही तेच.

ही पावले शोधायची कशी? गिलब्रेथ पद्धतीत खोलीचा नकाशा काढून टाचण्या टोचतात आणि माणूस जसा फिरतो तसा दोरा फिरवतात. दोऱ्याचे जाळे जिथे दाट, तिथे दुखणे. हे वाचल्यावर मला आमच्या बँकेतला संगणकाआधीचा चेक आठवला. काउंटरवरून लेजरकडे, लेजरवरून अधिकाऱ्याकडे, तिथून कॅशियरकडे. आणि पितळी टोकन मुठीत धरून गिऱ्हाईक बाकावर बसलेले. त्या चेकला दोरा बांधला असता तर शाखेत चालायला वाट उरली नसती.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचे स्वयंपाकघर नव्याने करायला काढले, तेव्हा मी हा दोऱ्याचा प्रयोग केला. आमचा फ्रिज, त्या काळच्या बहुतेक घरांतल्यासारखा, बाहेरच्या खोलीत होता. फ्रिज ही पाहुण्यांना दिसायची वस्तू होती ना! दोन कप चहाला मला ३४ पावले पडत होती, त्यातली निम्म्याहून जास्त दुधासाठी. पोह्यांचा दोरा तर इतका गुंतला की मोजणे सोडून दिले. सगळ्यात कमी दोरा कुठे होता? मिसळणाच्या डब्यापाशी. मोहरी, हळद, हिंग, तिखट, सगळे एका झाकणाखाली आणि शेगडीला खेटून. जे बरोबर लागते ते बरोबर ठेवावे, हे तत्त्व आपल्या आज्या-पणज्यांनी कुणाला न विचारता अमलात आणले होते. नवीन स्वयंपाकघर आखताना मी तोच डबा डोळ्यांसमोर ठेवला. चहाचे सगळे एकत्र, पोळ्यांचे सगळे एकत्र, कुकर सिंकच्या जवळ. फ्रिज आत आला. बाहेरची खोली थोडी गरीब दिसते, हे खरे.

भांडण झाले ते उंचीवरून. तयार ट्रॉल्या बसवून देणाऱ्या एका दुकानात आम्हाला संगणकावर सुंदर चित्र दाखवले. ओटा ३४ इंच. का, तर सगळ्यांचा तेवढाच असतो. माझी उंची पाच फूट, यजमानांची पाच फूट आठ. निवृत्तीनंतर सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी त्यांच्याकडे आहेत. त्या तरुण मुलाने हे सगळे नम्रपणे ऐकून घेतले आणि पुन्हा ३४ च लिहिले.

लिलियनबाईंनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना त्यांनी शेगडी, सिंक आणि फळ्या किती उंचीवर असाव्यात हे ठरवण्यासाठी ४,००० हून जास्त बायकांशी बोलून माहिती गोळा केली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. बाई ओट्याच्या मापाची नसते, ओटा बाईच्या मापाचा हवा, हा त्यांचा आग्रह. आणि एकाच बाईलाही सगळ्या कामांना एकच उंची चालत नाही. चिरण्या-निवडण्याला कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली बरे. पोळ्या लाटताना, कणीक मळताना खांद्यातून भार द्यावा लागतो, तिथे आणखी खाली हवे. सिंकचे उलट: हात चालतात ते तळाशी, म्हणून काठ वर हवा. गवंड्याची कमरेइतकी फळी ती हीच. दुर्दैव असे, की पुढे अमेरिकेत कारखान्यातून तयार कपाटे निघू लागली आणि सगळ्यांसाठी ३६ इंच हे एकच माप पक्के झाले. ज्या बाईने माणूस मोजायला शिकवले, तिच्या नावावर खपणाऱ्या स्वयंपाकघरातून माणूसच वजा झाला. आम्ही शेवटी जुन्या ओळखीच्या गवंड्याला बोलावले. लाटायची जागा ३० इंच, सिंकचा काठ ३६. ग्रॅनाइटची फरशी दोन पातळ्यांवर बसवताना तो पुटपुटत होता, पण काम चोख केले.

लिलियनबाईंच्या कामावर एक आक्षेप घेता येतो. गॅस कंपनीला गॅस विकायचा होता, वीज कंपनीला फ्रिज. अकरा मुलांची आई सांगते म्हणजे खरेच असणार, या भरवशावर माल खपत होता. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात स्वयंपाक करत होता टॉम नावाचा नोकर. ते स्वयंपाकघर या शास्त्रापासून लांबच राहिले होते. मुलांनी पुढे हे पुस्तकात हसत हसत लिहिले आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. त्या स्वतःला सुगरण म्हणवत नव्हत्या. काम करणाऱ्यांना विचारून, मोजून सांगत होत्या. घरकाम एकट्या आईचे असेही त्यांनी मानले नाही. त्यांच्या घरात मुलांना कामे वाटून दिलेली असत आणि झालेल्या कामाची नोंद तक्त्यावर होई. सगळी अकरा मुले कॉलेजपर्यंत शिकली.

फ्रँक ज्युनिअर आणि अर्नेस्टाइन या दोन मुलांचे ‘चीपर बाय द डझन’ हे पुस्तक १९४८ साली आले, १९५० साली त्यावर चित्रपट निघाला आणि लिलियनबाई बारा मुलांची आई म्हणून घरोघरी पोचल्या. खरे तर बारा मुले एका वेळी त्या घरात कधीच नव्हती. मेरी ही मुलगी १९१२ साली घटसर्पाने गेली, तेव्हा धाकट्यांचा जन्मही झाला नव्हता. गमतीच्या पुस्तकात त्या दुःखाला जागा मिळाली नाही. इंजिनिअर बाईलाही तशी कमीच मिळाली. १९३५ पासून त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होत्या, इंजिनिअरिंग शाखेतल्या तिथल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीवर निवडून आलेली पहिली स्त्रीही त्याच.

मला त्यांचे सगळ्यात मोलाचे वाटते ते उतारवयातले काम. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांनी हृदयविकार असलेल्या आणि अपंग झालेल्या स्त्रियांसाठी स्वयंपाकघरे आखायला मदत केली. वाकायचे नाही, उचलायचे नाही, लांब हात करायचा नाही. जड भांडे उचलण्याऐवजी सरकवायचे, रोजच्या वस्तू खांदा आणि गुडघा यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि होता होईल तेवढे काम बसून. बसून! माझी आजी कोकणात चुलीपुढे पाटावर बसून दहा माणसांचा स्वयंपाक करी. धुराने तिचे डोळे गेले, ते दिवस परत नकोतच. पण विळी, परात, मिठाचा सट, पाण्याचा तांब्या, सारे तिच्या दोन हातांच्या रिंगणात असे. आपण उभा ओटा घेतला आणि बसायची जागा सोडून दिली. नव्या स्वयंपाकघरात मी लाटायच्या फळीखालची ट्रॉली काढून टाकली आणि तिथे गुडघे आत जातील अशी मोकळी जागा ठेवली. समोर एक स्टूल आहे. दुकानातल्या मुलाच्या हिशेबाने ती जागा वाया गेली.

लिलियनबाई नव्वदीपर्यंत काम करत, भाषणे देत फिरत राहिल्या. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात त्या वारल्या, तेव्हा त्यांचे वय ९३ होते. १९८४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे ४० सेंटचे तिकीट काढले.