दाजीपूरच्या रानाचा राखणदार

राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आरक्षण, वसतिगृहे आणि कुस्तीचे आखाडे आठवतात. त्यांच्या चरित्रातील रानाचे पान मात्र सहसा उलटले जात नाही.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. लगोलग दुष्काळ आणि प्लेग यांनी संस्थानाला घेरले. पाण्यावाचून रयतेचे होणारे हाल महाराजांनी त्या वर्षांत जवळून पाहिले. भोगावती नदीवर धरण बांधण्याचा ध्यास त्यातूनच आला असावा. त्यासाठी वसवलेल्या गावाला कन्या राधाबाईंचे नाव मिळाले, तर जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे.

महाराज पट्टीचे शिकारी होते, हे लपवण्याचे कारण नाही. पाळीव चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्याची प्रथा संस्थानात होती. दाजीपूरचे रान राखले गेले तेही दरबारच्या शिकारीसाठीच. परंतु राखीव म्हणून तेथे कुऱ्हाड मोकाट चालली नाही, आणि गव्यांचे कळप टिकले. हेतू आणि परिणाम यांची अशी फारकत इतिहासात विरळा नाही.

या रानाचे रूप सह्याद्रीच्या भूरचनेने घडवले आहे. खाली काळा बेसाल्ट, माथ्यावर जांभ्याचे सपाट सडे. उन्हाळ्यात सावराईचा सडा भाजून निघतो. पावसाळ्यात त्याच उथळ मातीत रानफुले डवरतात आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. दरीतील दाट झाडीत शेकरू, सांबर, अस्वल आणि बिबट्या वावरतात.

१९१८ हे वर्ष महाराजांसाठी क्रूर ठरले. धाकटे राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने दगावले. ज्या छंदावर महाराजांनी आयुष्यभर प्रेम केले, त्यानेच घरात हा घाला घातला. विधवा झालेल्या सून इंदुमतीदेवी तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी, घरातील विरोध न जुमानता, सोनतळी येथे केली. त्याच वर्षी, पैशाअभावी, धरणाचे कामही सुमारे ४० फूट उंचीवर थांबले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात. त्यानंतर १९५८ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेआधीच, दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. गवे आता अनेकदा रान सोडून उसाच्या फडात उतरतात. शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते आणि त्याची तक्रार रास्तच आहे. रानाच्या आतील बाजूस, लक्ष्मी तलावाच्या काठी, पहाटे त्यांचे कळप अजूनही पाण्यावर येतात.