कऱ्हाकाठचे मोरोपंत आणि त्यांचे नामदान

आपल्या कऱ्हाडे ज्ञातीतील ज्या थोर पुरुषांचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले, त्यांत कविवर्य मोरोपंत पराडकर ह्यांचे स्थान अग्रभागी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या कवितेचा कैवार घेतला, ल. रा. पांगारकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. तेव्हा त्यांच्या यमकांची व श्लेषांची चर्चा आम्ही पुन्हा मांडीत नाही. पंतांनी भगवंताचे नाम स्वतः घेतले आणि इतरांच्या मुखी दिले ते कसे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

पराडकरांचे मूळ गाव कोकणातील राजापूरकडील सौंदळ. उपजीविकेसाठी घराणे घाट चढून पन्हाळ्यास आले आणि तेथे १७२९ साली रामाजीपंत व लक्ष्मीबाई ह्यांच्या पोटी मोरोपंत जन्मास आले. केशव पाध्ये व गणेश पाध्ये ह्या विद्वानांपाशी त्यांचे अध्ययन झाले. पुढे ऐन तारुण्यात ते बारामतीस आले. पेशव्यांचे आप्त व मोठे सावकार बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या पदरी ते पुराणिक झाले आणि कऱ्हेच्या काठीच कायमचे राहिले.

ह्या पुराणिकपणातच त्यांच्या काव्याचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. पुराणिक हा एकांतात बसणारा पंडित नव्हे. पोथी संस्कृत, पण समोरचे श्रोते नानापरींचे. त्यांत कारकून असावयाचे, व्यापारी असावयाचे, विधवा बाया असावयाच्या. आपणांस जे गोड लागले ते ह्या सर्वांच्या पदरी पडावे, ही तळमळ ज्याला नाही त्याने व्यासपीठावर बसू नये. पंतांस ती होती. म्हणून त्यांनी आर्या हे वृत्त हाती धरले. दोन ओळींत अर्थ पुरा होतो, कीर्तनकारास तेथे थांबून विवरण करता येते आणि श्रोत्यास घरी जाताना ती दोन ओळींची शिदोरी बांधून नेता येते. महाभारत त्यांनी अशा सुमारे १७,००० आर्यांत उतरविले.

रामकथेने तर त्यांचे समाधान कधी झालेच नाही. त्यांनी १०८ रामायणे रचिली, अशी ख्याती आहे. जपमाळेचे मणीही तितकेच असतात. तो योगायोग खचित नव्हे. एका रामायणात ओठांनी उच्चारावयाचे अक्षरच नाही. मंत्ररामायणात रामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र, तर मंत्रभागवतात वासुदेवाचा द्वादशाक्षरी मंत्र अक्षराअक्षराने गुंफिला आहे. टीकाकारांनी ह्यास शब्दांची कसरत म्हटले. काही ठिकाणी ती आहे, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु मंत्ररामायणाविषयी आमचे मत निराळे आहे. ज्याला बसून जप करण्यास सवड नाही, त्याने नुसती कथा म्हटली तरी तिच्याबरोबर मंत्राची अक्षरे त्याच्या मुखावाटे जावीत, ही योजना प्रेमळ मनुष्यालाच सुचते. स्त्रियांसाठी त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत अशी गीते ओवीत रचिली, हेही त्याच वृत्तीचे द्योतक होय. एवढा संस्कृतज्ञ पंडित स्त्रियांच्या कंठात बसेल असे छंद शोधीत होता!

तरीसुद्धा पंतांची भाषा जड, समासांनी भरलेली. ती केवळ पोथीत राहिली असती तर विद्वानांपलीकडे गेली असती की नाही, ह्याची शंकाच आहे. येथे सोलापूरचे राम जोशी उपकारास आले. लावण्या रचून तमाशाचा फड गाजविणारा हा शाहीर पंतांच्या सहवासात आला, कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या गावोगाव गाऊ लागला. फडावर तापलेला तो गळा, ती लय आणि पंतांचे शब्द! पंडिताने तमासगिरास दूर लोटले नाही आणि तमासगिराने पंडिताचे ऋण डोक्यावर घेतले. ज्ञातीच्या ह्या अंकात राम जोश्यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे, कारण पंत लोकांच्या जिभेवर बसले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

उत्तरवयात पंतांनी केकावली लिहिली. मयूर म्हणजे मोर, आणि केका म्हणजे त्याची हाक. पृथ्वी वृत्तातील हे श्लोक म्हणजे देवाला घातलेली आर्त साद होय. एवढा मोठा विद्वान तेथे काही एक आढ्यता न ठेवता पतित म्हणून उभा राहतो आणि सज्जनांची संगत व हरिनामाची गोडी मागतो. त्यांतील सुसंगतीची प्रार्थना कित्येक शाळांतून मुलांनी म्हटली आहे. ती कोणाची, हे मात्र म्हणणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीस मुक्काम करून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ह्या वाटेने पंढरीस जाते. टाळमृदंगाच्या त्या नामघोषाचा मार्ग निराळा आणि पंतांच्या आर्येचा निराळा, असे मानणारे आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. भेद आहे तो एवढाच की, अभंग वारीने जिवंत ठेवला आणि आर्येला कीर्तनाचा आधार होता. तो आधार आपल्या घरांतून सुटत चालला आहे. आजीच्या तोंडी असलेल्या आर्या नातवंडांच्या कानी पडेनाशा झाल्या आहेत आणि आर्याभारत कपाटात बंद आहे.

शके १७१६ च्या चैत्री पौर्णिमेस, म्हणजे १५ एप्रिल १७९४ रोजी, बारामतीस पंतांनी देह ठेविला. रामदूत मारुतीच्या जन्माचा तो दिवस.