संत जोसेफ वाझ आणि जाफनाची घरे

दरवर्षी १६ जानेवारीला आपण संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करतो. गोव्याचा हा सुपुत्र श्रीलंकेचा प्रेषित झाला, हे आपण प्रवचनातून अनेकदा ऐकले आहे. पण त्यांच्या चरित्रात आणखी काही माणसे आहेत. त्यांची नावे संतांच्या यादीत नाहीत. आज त्यांचीही थोडी आठवण करू या.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यातल्या एतद्देशीय धर्मगुरूंना युरोपियन संन्यस्त संघांत प्रवेश नव्हता. म्हणून काही गोवेकर धर्मगुरू जुन्या गोव्यात एकत्र राहू लागले. १६८५ साली त्यांनी वाझ यांना आपले प्रमुख नेमले आणि त्यातून ऑरेटरी हा संघ उभा राहिला. तिथे मानाने आयुष्य काढता आले असते. पण त्यांचे मन सिलोनकडे लागले होते.

तिथली परिस्थिती बिकट होती. १६५८ साली डच लोकांनी पोर्तुगीजांकडून जाफना जिंकले, कॅथलिक धर्मगुरूंना हाकलले आणि चर्चेस ताब्यात घेतली. धर्मगुरूला घरात आसरा देणे हा गुन्हा ठरला. जवळजवळ ३० वर्षे त्या लोकांना ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन. आपल्याला एखाद्या रविवारी मिस्सा चुकली तर चुकचुकल्यासारखे होते. तिथे तर मुले जन्मली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, तरी त्यांनी धर्मगुरू पाहिला नव्हता. तरीही आईबापांनी दार लावून मुलांना क्रुसाची खूण आणि प्रार्थना शिकवली.

१६८७ साली वाझ आपला सेवक जॉन याच्यासह तुतिकोरीनहून गलबताने निघाले. अंगावर मजुराचा वेष, पायात काही नाही. जाफनात पोहोचताच हगवणीने त्यांना अंथरुणाला खिळवले. बरे झाल्यावर ते भिक्षेकऱ्यासारखे दारोदार हिंडू लागले. गळ्यात मात्र जपमाळ होती. ती पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते का, हे ते निरखत. हळूहळू तशी घरे सापडली. मधल्या पिढीने कंटाळा केला असता, तर ती जपमाळ ओळखणारे कोणी भेटलेच नसते, असे आम्हाला वाटते.

मग रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागल्या. १६८९ च्या नाताळात डच शिपायांनी धाड घालून बरेच भाविक पकडले. वाझ सुटले आणि पुढे कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले. तिथे १६९२ साली पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले. कैदेतला वेळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालवला. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, असे सांगतात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती १६९७ ची देवीची साथ. लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते, तेव्हा वाझ आणि फादर जोसेफ कार्व्हाल्यो घरोघर जाऊन रोग्यांना धूत, पेज भरवत आणि मेलेल्यांना पुरत. त्यात त्यांनी धर्म पाहिला नाही. राजाचे मन त्यामुळे वळले.

वाझ यांना एक गोष्ट ठाऊक होती: आपण आज आहोत, उद्या नसू. म्हणून गावोगावी त्यांनी एकेका प्रापंचिकाला प्रार्थना चालवण्याची आणि मुलांना धर्मशिक्षण देण्याची जबाबदारी दिली. गोव्याला पत्रे लिहून आणखी धर्मगुरू मागवले. अधिकारपदाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी नकार दिला. २४ वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागून गोव्याचे धर्मगुरू तिथे जात राहिले. डच सत्ता १७९६ साली संपली, पण ख्रिस्तसभा टिकली. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकिनारी त्यांना संत घोषित केले, तेव्हा लाखो भाविक जमले होते. वाझ यांच्या हयातीतच, १७०५ साली, दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस तिथे गेले होते. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत ग्रंथ लिहिले. प्रभूच्या दुःखसहनावरचे त्यांचे विलापगीत श्रीलंकेतल्या खेड्यांत आजही उपवासकाळात म्हटले जाते.