नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ते ओळखले जातात.

धर्मांतर

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही काळ त्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे आप्तांकडे राहिल्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले व १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

धर्मशिक्षणाचे कार्य

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबई, अहमदनगर, सोलापूर, सातारा या भागांत चालत असे. अहमदनगर येथे टिळक भावी धर्मोपदेशकांना शिकवीत. तत्कालीन चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते रूढ होती. तुकारामांच्या अभंगांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. म्हणून उपासनेत व उपदेशात अभंग, भजन आणि कीर्तन यांचा त्यांनी पुरस्कार केला. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायली जातात.

अखेरची वर्षे

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. त्यांचे अपूर्ण महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.